विश्लेषण : रात्री आठला सगळ्या गाड्या चार्जिंगला लागल्या तर? सोसायटीतील एसी, गिझर, चार्जर आणि बॅटरीचा मेळ कसा बसतो?

पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिक अशा शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये पार्किंग, पाणी आणि गळती या नेहमीच्या विषयांना आता चौथा विषय येऊन मिळाला आहे : चार्जर. एखाद्या सभासदाने विजेवर चालणारी गाडी घेतलेली असते आणि त्याला आपल्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा असतो. समिती म्हणते, इमारतीला तेवढा लोड नाही. आज एकाला परवानगी दिली तर उद्या पन्नास जण येतील. सभासद म्हणतो, मध्यरात्रीनंतर ट्रान्सफॉर्मर जवळजवळ निम्मा रिकामाच असतो. गंमत म्हणजे दोघांचेही म्हणणे बरोबर असते. वीज कमी पडत नाही, ती एका ठरावीक वेळी कमी पडते. मग इमारतीतील एसी, गरम पाणी, पंप, चार्जर, छतावरचे सौर पॅनेल आणि बॅटरी यांनी एकमेकांची वेळ सांभाळून चालायचे ठरवले तर? अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने अशा इमारतींसाठी ‘ग्रिड-इंटरॅक्टिव्ह एफिशियंट बिल्डिंग’ असे लांबलचक नाव दिले असून २०२१ मध्ये त्यांचा राष्ट्रीय आराखडाही प्रसिद्ध केला. नाव बाजूला ठेवून त्यामागचे गणित समजून घेऊ.

अडचण युनिटची की किलोवॅटची?

वीजबिलावर आपण युनिट पाहतो. युनिट म्हणजे महिनाभरात एकूण किती वीज वापरली. इमारतीची केबल, मीटर आणि ट्रान्सफॉर्मर यांना मात्र युनिटशी देणेघेणे नसते. त्या क्षणी किती किलोवॅट ओढले जात आहेत, एवढेच त्यांना कळते. नळाला पाणी किती वेळ आले हा एक प्रश्न आणि पाइप किती इंची आहे हा दुसरा, तसेच हे.

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण दीड किलोवॅट घेतो. स्नानगृहातील गिझर सहसा दोन किलोवॅटचा असतो. गाडीचा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा आणि भिंतीवर बसवायचा वेगवान चार्जर ७.२ किलोवॅटचा. म्हणजे एक वेगवान चार्जर हा जवळपास पाच एसींइतका भार आहे, आणि तो तासन्‌तास तेवढाच राहतो. एसी खोली गार झाली की दम घेतो, गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तशी नाही.

समजा, १२० फ्लॅटची एक सोसायटी आहे आणि तिला ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. सुरक्षिततेसाठी थोडी मोकळीक सोडली तर त्यावर सुमारे २७० किलोवॅट भार टाकता येईल. मे महिन्यात रात्री आठ वाजता घरोघरचे एसी, स्वयंपाकघरातील उपकरणे, दिवे, लिफ्ट आणि पंप धरून २४० किलोवॅट लागतात असे धरू. उरले ३० किलोवॅट. त्यावर ७.२ किलोवॅटचे चारच चार्जर चालतील. पाचवी गाडी लावली की मर्यादा ओलांडली. समितीचा मुद्दा इथे सिद्ध होतो.

आता त्याच सोसायटीचा मध्यरात्री बारा ते सकाळी सहा हा काळ पाहू. शयनगृहातील एसी सुरू आहेत, म्हणून भार १५० किलोवॅट धरू. उरतात १२० किलोवॅट, तेही सहा तास. म्हणजे ७२० युनिट. शहरात रोज चाळीसेक किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला वाया जाणारी वीज धरून सात युनिट पुरतात. भागाकार केला तर उत्तर येते १०२ गाड्या. तोच ट्रान्सफॉर्मर, तीच केबल. आठ वाजता चार गाड्या आणि मध्यरात्रीनंतर शंभर. आकडे सोसायटीनुसार बदलतील, पण दोन वेळांमधला फरक एवढाच मोठा राहील. हा फरक न मोजताच अनेक ठिकाणी ‘लोड नाही’ असा शेरा मारला जातो.

समन्वय म्हणजे नेमके काय?

इमारतीतील विजेच्या वापराचे दोन गट पडतात. लिफ्ट, दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही हे ‘आत्ता म्हणजे आत्ताच’ लागणारे. लिफ्टला कुणी सांगू शकत नाही की, अर्ध्या तासाने ये. दुसरा गट असा की त्याचे काम ठरलेल्या वेळेपर्यंत झाले म्हणजे पुरे. गाडी सकाळी आठला निघायच्या आत भरलेली हवी. पाणी आंघोळीच्या वेळी गरम हवे. टाकी पहाटे भरलेली हवी. खोली झोपताना गार हवी. या दुसऱ्या गटाला तांत्रिक भाषेत ‘लवचिक भार’ म्हणतात, आणि समन्वयाचा सगळा खेळ त्याच्यावर आहे.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात. इमारतीत या क्षणी किती किलोवॅट जात आहेत हे मोजणारा मीटर, कुणाला काय आणि कधीपर्यंत हवे आहे याची माहिती, आणि त्यानुसार उपकरणांना ‘आता थांब’, ‘आता निम्म्यावर चाल’ असे सांगणारा कंट्रोलर. बाकीचे सगळे तपशील आहेत. पण घोडे अडते ते बहुतेक तपशिलातच.

महाराष्ट्रात हीटिंगचा काय संबंध?

युरोप-अमेरिकेत या विषयावर बोलताना पहिला मान खोली गरम करण्याला मिळतो. आपल्याकडे तो प्रश्न लेह-शिमल्याचा. महाराष्ट्रात गरम करायचे ते पाणी, आणि त्याचा भार सकाळी सहा ते नऊ या वेळेत एकवटतो. १२० पैकी ५० घरांतील गिझर एकाच वेळी सुरू असले तर १०० किलोवॅट तिथेच गेले.

शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साडेतीन युनिट उष्णता लागते. हे भौतिकशास्त्र आहे, त्यात कुठल्याही कंपनीला सूट नाही. साध्या गिझरला तेवढी सगळी वीज लागते. हीट पंप मात्र उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आणतो. फ्रिज आतली उष्णता मागे फेकतो, तेच उलटे. त्यामुळे त्याच पाण्याला साधारण सव्वा युनिट पुरते. वसतिगृहे, हॉटेल आणि रुग्णालयांत हीट पंप रुळले आहेत. घरगुती बाजारात अजून त्यांची किंमत आड येते.

समन्वयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. चांगले आवरण असलेल्या टाकीत दुपारी तापवलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी वापरता येते. म्हणजे छतावरची सौर वीज जेव्हा भरपूर असते, तेव्हा ती पाण्यात साठवायची. लिथियम नाही, इन्व्हर्टर नाही. नुसती आवरण असलेली टाकी आणि टायमर. पुण्यात अनेक इमारतींवर सौर बंब आहेत. त्यांच्यात पावसाळ्यासाठी विजेची कॉइल असते. ती बऱ्याच ठिकाणी थर्मोस्टॅटच्या भरवशावर सोडलेली असते. लोकांनी रात्री गरम पाणी वापरले की टाकीत गार पाणी शिरते आणि कॉइल नेमकी गर्दीच्या वेळी सुरू होते. टायमर लावून ती दुपारकडे ढकलणे हा या लेखातला सर्वात स्वस्त उपाय असावा.

आणखी एक साठवण तर प्रत्येक इमारतीच्या डोक्यावर आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी. १२० घरे, घरात चार माणसे, माणशी १३५ लिटर धरले तर रोज सुमारे ६५ हजार लिटर पाणी वर चढवावे लागते. चाळीस मीटर उंची आणि पंपाची निम्मी कार्यक्षमता धरली तर त्याला १४ युनिट लागतात. रक्कम फार मोठी नाही, दोन गाड्यांच्या रोजच्या चार्जिंगएवढी. पण दहा अश्वशक्तीचा पंप साडेसात किलोवॅट ओढतो, म्हणजे संध्याकाळी तो बंद ठेवला तर एका चार्जरची जागा मोकळी होते. अर्थात पालिकेचे पाणी ज्या वेळी येते त्या वेळीच पंप लावावा लागत असेल तर हा सल्ला निरुपयोगी. जमिनीखालची टाकी मोठी असेल तरच पंपाची वेळ आपल्या हातात राहते.

एसी थांबवला तर लोक गप्प बसतील?

नाही बसणार, आणि बसायची गरजही नाही. एसी बंद करणे हा समन्वय नव्हे. खोलीची थंडी काही काळ टिकते, याचा उपयोग करून घेणे म्हणजे समन्वय. दुपारी सौर वीज स्वस्त असताना खोली एखाद-दोन अंश जास्त गार करायची आणि संध्याकाळी गर्दीच्या तासात कॉम्प्रेसर थोडा मंद चालू द्यायचा, याला ‘प्री-कूलिंग’ म्हणतात. कार्यालये आणि मॉलमध्ये हे सहज जमते. घरात दुपारी कुणी असेल तरच त्याला अर्थ आहे.

मात्र त्याआधी एक अट आहे. थंडी टिकली पाहिजे. आपल्या अनेक इमारतींत शेवटच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहापर्यंत ते घरात सोडत राहतो. अशा घरात प्री-कूलिंग म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. म्हणूनच ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात भिंती आणि खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा घातली आहे आणि छतासाठी वेगळा निकष आहे. जुन्या इमारतींना गच्चीवर पांढरा परावर्तक लेप, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली एवढे तरी करता येते. बाहेरून, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा लावून ते परत जात नाही.

तापमानाच्या आकड्याचाही मोठा वाटा आहे. एसी एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगतो. देशात १ जानेवारी २०२० पासून नव्या खोलीच्या एसींना २४ अंश हे मूळ तापमान ठरवून दिले आहे. रिमोट हातात आल्यावर ते किती घरांत टिकते हा भाग वेगळा.

मोठ्या इमारतींमध्ये थंडी साठवण्याचे वेगळे तंत्र आहे. मध्यवर्ती एसी असलेल्या ठिकाणी चिलर रात्री चालवून थंड पाणी किंवा बर्फ तयार करून ठेवायचा आणि दुपारी तो वापरायचा. एक घनमीटर पाणी आठ अंशांनी गार केले तर त्यात नऊ युनिटहून थोडी जास्त थंडी साठते. तेवढ्याच वजनाच्या बर्फात त्याच्या दसपट. गुजरातेतील गिफ्ट सिटीमध्ये अनेक इमारतींना एकाच केंद्रातून थंड पाणी पुरवले जाते आणि त्या व्यवस्थेत साठवणीची टाकीही आहे. इन्फोसिसने हैदराबादच्या संकुलात एका इमारतीच्या एका भागात नेहमीचा एसी आणि दुसऱ्या भागात स्लॅबमधून थंड पाणी फिरवणारी ‘रेडियंट’ पद्धत बसवून थेट तुलना केली. रेडियंट भागाला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश कमी वीज लागली. दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन २०१४ मध्ये सुरू झाले. तिथे ९३० किलोवॅटचे सौर पॅनेल आहेत. पण वापर आधी कमी केला म्हणूनच छतावरची वीज पुरेशी ठरू शकली, हा क्रम विसरता येत नाही.

गाड्यांची रांग कोण लावणार?

चार्जर आणि गाडी सतत एकमेकांशी बोलत असतात. ‘तू जास्तीत जास्त इतके अँपिअर घेऊ शकतेस’ असे चार्जर सांगतो आणि गाडी तेवढेच घेते. हा आकडा चालू चार्जिंगमध्येही बदलता येतो. म्हणून इमारतीच्या मुख्य केबलवर मीटर बसवून उरलेले किलोवॅट चार्जरमध्ये वाटता येतात. एसी वाढले की गाड्यांचा वाटा आपोआप कमी होतो, एसी कमी झाले की वाढतो. याला ‘डायनॅमिक लोड मॅनेजमेंट’ म्हणतात.

इथे एक अडचण असते. चार्जिंग सहा अँपिअरच्या खाली जात नाही. म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे १.४ किलोवॅट. वरच्या उदाहरणातले १२० किलोवॅट शंभर गाड्यांत सारखे वाटले तर प्रत्येकीला १.२ किलोवॅट येतील आणि एकही गाडी नीट चार्ज होणार नाही. त्यामुळे पाळ्या लावाव्या लागतात. एका वेळी सोळा गाड्या पूर्ण वेगाने, एक तासाने पुढच्या सोळा. कंट्रोलर हे रात्रभर बिनतक्रार करतो.

तक्रार करतात ती माणसे. पहाटे साडेचारला विमानतळावर जायचे असलेल्याची गाडी आधी की आधी येऊन प्लग लावला त्याची? भाडेकरूला हक्क किती? चार्जिंगचे पैसे सामायिक मीटरवरून गेले तर गाडी नसलेल्यांनी ते का भरावे? तंत्रज्ञान विकणाऱ्यांच्या सादरीकरणात या प्रश्नांना जागा नसते आणि नेमके याच प्रश्नांवर योजना कोलमडतात. निघण्याची वेळ आणि लागणारे किलोमीटर अॅपमध्ये आधी भरायचे, तातडीसाठी एक-दोन चार्जर राखून ठेवायचे आणि त्यांना जास्त दर लावायचा, प्रत्येक चार्जरला स्वतंत्र मीटर ठेवायचा, असे नियम सभेत मंजूर करून घेतले तर वाद बराच कमी होतो. अॅप नंतर निवडले तरी चालते.

आणि हे ठरेपर्यंत लोक थांबत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेंशन वायर आणि तिच्यावर रात्रभर चार्ज होणारी स्कूटर हे चित्र शहरांत नवे राहिलेले नाही. समितीने परवानगी नाकारली म्हणून गाड्या कमी होत नाहीत, वायरी वाढतात. सतत काही तास भार वाहण्यासाठी ती वायर, तो बोर्ड आणि तो प्लग बनलेलाच नसतो. अर्थिंग आणि गळती प्रवाह तोडणारा आरसीसीबी नसलेला चार्जिंग पॉइंट ही आजची खरी जोखीम आहे.

मग बॅटरी घ्यावीच का?

हा प्रश्न भावनेने नव्हे, भागाकाराने सोडवावा. बॅटरीत शंभर युनिट भरले तर इन्व्हर्टरसह सुमारे ८५ ते ९० परत मिळतात. समजा, स्वस्त वेळी भरून महाग वेळी वापरल्याने तुटीनंतर युनिटमागे दोन रुपये सुटले. दहा युनिटची बॅटरी रोज एकदा वापरली तर दिवसाला २० रुपये, वर्षाला ७,३०० रुपये. विक्रेत्याने दिलेल्या किमतीला या आकड्याने भागा आणि आलेली वर्षे बॅटरीच्या हमीच्या वर्षांशी ताडून पाहा. निवासी दरांमध्ये आज हे गणित बहुतेक वेळा जुळत नाही.

जुळते ते दुसऱ्या तीन ठिकाणी. एक, जिथे डिझेल जनरेटर वारंवार चालतो. एक लिटर डिझेलमधून तीन-साडेतीन युनिट मिळतात, म्हणजे नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटला २५ रुपयांच्या वर जातो. दोन, जिथे कमाल मागणीवर आकार लागतो. महाराष्ट्रात अशा ग्राहकांनी करारातील मागणी ओलांडली तर जादा मागणीवर दीडपट दराने अतिरिक्त आकार भरावा लागतो. वर्षातून मोजक्या संध्याकाळी चढणारा तो सुळका बॅटरीने कापता येतो. तीन, जिथे जादा चार्जरसाठी नवा ट्रान्सफॉर्मर आणि नवी केबल घ्यावी लागणार असेल आणि तो खर्च बॅटरीपेक्षा मोठा असेल.

जागेचाही विचार हवा. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या तुलनेने सुरक्षित मानल्या जातात. तरीही तळघरात, पार्किंगच्या कोपऱ्यात, भंगाराच्या शेजारी बॅटरी ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. हवा खेळती हवी आणि अग्निशमन दलाचे मत आधी घ्यायला हवे.

पार्किंगमधल्या गाड्या हीच बॅटरी नाही का? कागदावर आहे. एका मध्यम गाडीत ३० ते ५० युनिट साठतात, घरगुती बॅटरीच्या पाच-दहापट. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर निस्सानने लीफ गाडीतून घराला वीज देणारी यंत्रणा २०१२ मध्येच बाजारात आणली. नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहरात रेनोच्या गाड्या वापरून सामायिक गाड्यांची अशी सेवा २०२५ मध्ये सुरू झाली. त्यासाठी गाडी आणि चार्जर दोन्ही उलट्या दिशेने वीज देणारे लागतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या फार तर एखादा मिक्सर किंवा दिवा चालवण्यापुरती वीज बाहेर देतात. सोसायटीने आपल्या हिशेबात ही बॅटरी आज धरू नये.

सगळ्यांनी एकच स्वस्त वेळ गाठली तर?

हा प्रश्न अवघड आहे आणि त्याचे उत्तर एकट्या इमारतीकडे नाही. स्वस्त दर रात्री बाराला सुरू होतो म्हणून शहरातील सगळे टायमर बाराला लागले तर बारा वाजून एका मिनिटाला नवी गर्दी होईल. जुन्यापेक्षा टोकदार, कारण माणसे एकाच सेकंदाला बटण दाबत नाहीत, टायमर दाबतात.

ब्रिटनने यावर साधा तोडगा काढला. तिथे ३० जून २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरमध्ये दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब असावा लागतो आणि कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १० हे तास टाळण्याची मूळ सेटिंग करून द्यावी लागते. मालकाला ती बदलता येते. जर्मनीने १ जानेवारी २०२४ पासून जास्त कडक वाट धरली. ४.२ किलोवॅटपेक्षा मोठे नवे चार्जर, हीट पंप, एसी आणि बॅटऱ्या वीज वितरण कंपनीला नियंत्रित करता आल्या पाहिजेत. जाळ्यावर ताण आला तर कंपनी त्यांचा वेग कमी करू शकते. मात्र पूर्ण बंद करू शकत नाही, किमान ४.२ किलोवॅट द्यावेच लागतात. बदल्यात ग्राहकाला वहन आकारात सवलत मिळते आणि त्याला नवे कनेक्शन ‘जाळे अपुरे आहे’ म्हणून नाकारता येत नाही. आपल्या सोसायटीतील ‘लोड नाही’ या वादाला जर्मनांनी दिलेले उत्तर असे आहे : कनेक्शन मिळेल, पण गर्दीच्या वेळी तुमचा वेग कमी केला जाईल.

भारतातील नियम काय सांगतात?

देशाची विजेची कमाल मागणी ३० मे २०२४ रोजी २५० गिगावॅटवर गेली. दुपारी सौर वीज भरपूर असते. सूर्य मावळतो तेव्हा लोक घरी येऊन एसी लावतात. म्हणून केंद्राने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल करून दिवसाच्या वेळेनुसार दर लावण्याचे ठरवले. सौर तासांत दर दहा ते वीस टक्के कमी, गर्दीच्या तासांत दहा ते वीस टक्के जास्त. दहा किलोवॅटपेक्षा अधिक मागणीच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती सोडून इतरांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत होती. महाराष्ट्रात महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर जुलै २०२५ पासून सवलत जाहीर केली. स्मार्ट मीटरवरून राज्यात पुष्कळ वाद झाला आहे. पण कोणत्या तासाला किती वीज वापरली हे मीटरला कळल्याशिवाय वेळेनुसार सवलत देता येत नाही, हेही खरे. त्याच नोंदींवरून घरात कुणी केव्हा नसते हेही कळू शकते, त्यामुळे ती माहिती कुणाच्या हाती जाते हा प्रश्न विचारायलाच हवा.

सोसायट्यांच्या अधिक कामाचे आहेत ते फेब्रुवारी २०२४ मधील बदल. सोसायटी किंवा रहिवासी यांना गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. दहा किलोवॅटपर्यंतच्या छतावरील सौर यंत्रणेसाठी तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट काढली गेली. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी, ज्यात गाड्यांचे चार्जिंगही येते, किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात नव्या निवासी इमारतींतील सर्व पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची अपेक्षा आहे. जुन्या इमारती मात्र आपापल्या सभेच्या भरवशावर आहेत.

सोसायटीने सुरुवात कुठून करावी?

आधी मोजणी. मुख्य पुरवठ्यावर नोंद ठेवणारा मीटर किमान एक उन्हाळी महिना लावून तासागणिक भार पाहावा. मंजूर लोड, केबलची क्षमता आणि प्रत्यक्ष वापर हे तीन आकडे समोर आले की सभेतील निम्मी भाषणे आपोआप गळतात. त्यानंतर टायमरची कामे : पंप, सौर बंबाची कॉइल, बागेचे आणि पार्किंगचे दिवे. मग सौर पॅनेल आणि चार्जर एकत्र. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देते, म्हणजे दोन किलोवॅटमागे रोजची एक गाडी सुटते. फक्त ती गाडी दुपारी घरी असायला हवी. कार्यालयांच्या इमारतींना हे गणित अधिक चांगले लागू पडते, कारण गाड्या तिथे दिवसा उभ्या असतात. निवासी सोसायटीत दिवसा उभ्या असतात त्या बहुधा ज्येष्ठ नागरिकांच्या आणि घरून काम करणाऱ्यांच्या. बॅटरीचा विचार या सगळ्यानंतर.

खरेदी करताना सर्वात मोठा खड्डा भाषेचा असतो. एसीच्या यंत्रणा बहुधा बॅकनेट किंवा मॉडबस या भाषा बोलतात, चार्जर ओसीपीपी बोलतात, सौर इन्व्हर्टरचे प्रत्येक कंपनीचे अॅप निराळे. एका कंपनीचे स्वस्त चार्जर घेतले आणि ते त्याच कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालत नसतील तर कंपनी बंद पडल्यावर किंवा तिने शुल्क वाढवल्यावर पर्याय उरत नाही. त्यामुळे निविदेतच चार अटी लिहून घेणे शहाणपणाचे. चार्जर ओसीपीपीवर इतर कुठल्याही कंट्रोलरशी जोडता यावेत. इंटरनेट बंद पडले तरी भाराची मर्यादा इमारतीतच पाळली जावी. मोजणीच्या नोंदी सोसायटीच्या मालकीच्या असाव्यात. आणि मुख्य केबल आज दहा चार्जरसाठी टाकत असतानाही नळी मात्र पन्नास चार्जरच्या केबलची टाकावी, कारण काँक्रीट दुसऱ्यांदा फोडण्याचा खर्च पहिल्या केबलपेक्षा जास्त येतो.